निनादनिवारण

निनादनिवारण : दूरच्या मायक्रोफोनने टिपलेल्या बोलण्यातला खोलीचा घुमारा संगणकीय प्रक्रियेने कमी करण्याचे तंत्र. जाड पडदे लावून, जाजम अंथरून घुमारा कमी करणे हा वास्तुध्वनिशास्त्राचा विषय. येथे खोली आहे तशीच राहते आणि उपचार ध्वनिमुद्रणावर होतो. लाउडस्पीकरमधून निघालेला आवाज मायक्रोफोनमधून वगळणे ही वेगळी समस्या होय.

स्वरूप : बोलणारा मायक्रोफोनपासून दोन-तीन मीटर दूर गेला, की थेट आवाजापेक्षा भिंती, छत व फरशीवरून परतलेला आवाज भारी पडू लागतो. प्रतिध्वनी सुटा ऐकू येतो; निनादात असंख्य परावर्तने एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येक अक्षराला शेपूट फुटते. पहिल्या सुमारे 50 मिलिसेकंदांत पोचणारी परावर्तने कान थेट आवाजातच जमा करतो व त्यांनी बोलणे उलट ठळक होते. त्यानंतरची मात्र पुढच्या अक्षरावर चढतात. लांब ‘आ’च्या शेपटाखाली ‘त’चा क्षणिक स्फोट बुडून जातो. पंख्याची घरघर बोलण्याहून निराळी असते. निनाद हा त्याच वक्त्याचा क्षणापूर्वीचा आवाज असल्याने साधी गोंगाटगाळणी त्याला पकडू शकत नाही.

मापन : आवाजाची पातळी 60 डेसिबलने उतरण्यास लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी 1895 पासून फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात रात्री ऑर्गनची नळी वाजवून, शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून मांडत त्याचा नियम शोधला.

पद्धती : नीली व ॲलन यांनी 1979 मध्ये दाखविले, की खोलीचा परिणाम उलटा फिरवणारा स्थिर फिल्टर सहसा मिळत नाही. एकाहून अधिक मायक्रोफोन असल्यास, काही अटींवर, तो अचूक मिळतो हे मियोशी व कानेदा यांनी 1988 मध्ये सिद्ध केले. पण त्यासाठी खोलीचा प्रतिसाद आधी ठाऊक असावा लागतो. ही अडचण नाकातानी, योशिओका, किनोशिता, मियोशी व ज्वांग यांनी 2010 मध्ये मांडलेल्या ‘डब्ल्यूपीई’ पद्धतीने दूर केली. तीत प्रत्येक वारंवारतेवर मागील काही चौकटींवरून (आवाजाच्या छोट्या तुकड्यांवरून) चालू चौकटीतील उशिराच्या निनादाचा अंदाज बांधून तो वजा करतात. लगतच्या एक-दोन चौकटी मुद्दाम सोडतात, नाहीतर बोलण्याचे स्वतःचे सातत्यही पुसले जाईल. वक्त्याचा आवाज जिथे क्षीण असतो तिथल्या चौकटींना अधिक वजन मिळते, कारण शेपूट तिथेच उघडे पडते. फिल्टर रेषीय असल्याने आवाज फारसा विद्रूप होत नाही. पद्धत एका मायक्रोफोनवरही चालते, अनेकांवर अधिक खुलते.

खोल न्यूरल जाळ्यांवर आधारित पद्धतीही प्रचलित आहेत.

उपयोग : वाक्-अभिज्ञान, बैठकांची नोंद, श्रवणयंत्रे. गूगल होममध्ये ‘डब्ल्यूपीई’चे चालू आवाजावर जुळवून घेणारे रूप वापरल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना ऐकू कमी येते त्यांना निनादाचा त्रास सर्वाधिक. श्रवणयंत्रांत विलंब साधारण 10 मिलिसेकंदांच्या आत ठेवावा लागत असल्याने लांब चौकटींची गणिते जशीच्या तशी चालत नाहीत.