तरफेचा नियम आणि बनखेडीचा बाजार

जबलपूरच्या मदनमहाल टेकडीवर एक प्रचंड शिळा दुसऱ्या शिळेवर अगदी थोड्या जागेत टेकून उभी आहे. 1997 च्या भूकंपात शहरातील घरांना तडे गेले. ही शिळा मात्र ढळली नाही. तिच्या गुरुत्वमध्यातून खाली जाणारी उभी रेषा आधाराच्या आतच पडते, हे त्यामागचे भौतिकशास्त्र. हे वाक्य पाठ करणे सोपे आहे. स्वतःच्या हातांनी समतोल साधून ते पडताळणे ही वेगळी गोष्ट. या दुसऱ्या गोष्टीला शाळेत स्थान देण्याचा देशातील एक मोठा प्रयत्न जबलपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात झाला.

1972 साली बनखेडीजवळची ‘किशोर भारती’ आणि रसुलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी 16 शाळांमध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि पुढे दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक त्यात सहभागी झाले. सहावी ते आठवीच्या मुलांनी चार-चारांच्या टोळीत प्रयोग करावा, निरीक्षण नोंदवावे आणि निष्कर्षही स्वतःच काढावा, ही त्यामागची भूमिका होती. 1978 मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पोहोचला. 1982 मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे नेला.

या भूमिकेचे मर्म तरफेसारख्या साध्या यंत्रात चटकन दिसते. पुस्तक सांगते, भार गुणिले भारभुजा बरोबर बल गुणिले बलभुजा. मूल मात्र 30 सेंटिमीटरची पट्टी मधोमध दोऱ्याने टांगते, आणि ती बहुधा एका बाजूला कलतेच. हलक्या बाजूला मातीचा छोटा गोळा चिकटवून ती आधी सरळ करावी लागते. मग एकीकडे 6 सेंटिमीटरवर चार वॉशर लटकवले, की दुसरीकडचे तीन वॉशर सरकत सरकत 8 सेंटिमीटरवर स्थिरावतात. चार-पाच जोड्या नोंदवल्यावर गुणाकार सारखे येत असल्याचे मुलाच्याच ध्यानात येते. शिवाय उपकरणात दोष असू शकतो आणि तो दुरुस्त करता येतो, हा छापील नियमात कुठेच नसलेला धडाही मिळतो.

1978 मध्येच पुण्यातील एका मोटार कारखान्यातून वर्षभराची रजा घेऊन कानपूर आयआयटीचे अभियंते अरविंद गुप्ता येथे आले. बनखेडीच्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी मिळाली. तिचे तुकडे आगकाड्यांच्या टोकांना जोडले की लवचीक सांधे तयार होतात. चौकोन बोटाने दाबताच तिरपा होतो, त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. छपराच्या कैचीत आणि पुलांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, याचे उत्तर मुलाच्या बोटांनाच मिळते. पुढे 2003 पासून गुप्तांनी पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी घडवली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तथापि होशंगाबादचे खरे नवेपण स्वस्त साहित्यात नव्हते. तेथे परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा होती, प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा होती. शिक्षकांसाठी उन्हाळी प्रशिक्षण आणि मासिक बैठका होत. ‘मला ठाऊक नाही, करून पाहू’ असे वर्गात म्हणण्याचे बळ शिक्षकाला या व्यवस्थेतून मिळत होते. 2002 साली मध्य प्रदेश शासनाने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांत उभी राहिलेली ही चौकट एका निर्णयाने मोडली.

आगकाड्यांचे त्रिकोण टिकले, जगभर पोहोचले. परंतु खेळणी म्हणजे तरफेचा केवळ दांडा. टेकू म्हणजे शिक्षक आणि परीक्षापद्धती. टेकूच काढून घेतल्यावर दांडा कितीही लांब असला तरी भार उचलला जात नाही. आज शाळाशाळांतून नवनिर्मितीच्या प्रयोगशाळा उभ्या राहत असताना हा इतिहास म्हणूनच लक्षात ठेवायला हवा.