उद्याची काळजी आणि आजची भाकरी

1852 साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरास आले. मिशनच्या शाळा निघाल्या. 1894 साली शेजारी मिरजेस डॉ. वॉन्लेस यांचा दवाखाना उभा राहिला. या संस्थांचा लाभ साऱ्या जातिधर्मांच्या लोकांनी घेतला. परंतु त्यांच्यासोबत आलेल्या एका शिकवणुकीचा विचार आपण फारसा केला नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात येशू सांगतो की, उद्याची काळजी करू नका. पाखरांनाही परमेश्वर पोसतो.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. आम्हांस हे प्रथम खटकते. ज्याची हजेरी ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, त्याला काळजी करू नकोस म्हणणे ही भरल्या पोटाने उपाश्याची केलेली थट्टा नव्हे काय? शंका रास्त आहे. तिचे उत्तर, ज्यांनी उपास काढले त्यांच्याच चरित्रात शोधले पाहिजे.

पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा. ऐन तारुण्यात दुष्काळाने त्यांचे आईवडील व थोरली बहीण नेली. 1880 साली भाऊ गेला, 1882 साली पती गेले. पदरात तान्ही मुलगी राहिली. 1883 साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा स्वजनही दुरावले. काळजी म्हणजे काय, हे या बाईंना कोणी शिकवावयास नको होते.

1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे खर्च देण्याचे कबूल केले होते. मुदत संपल्यावर काय, म्हणून बाईंनी केडगावला जमीन घेतली, फळबाग लावली. श्रद्धा होती म्हणून तजवीज सोडली नाही, हे श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे.

पण तजवीज पुरी होण्याआधीच 1896-97 चा दुष्काळ आला. बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली व स्त्रिया घेऊन आल्या. बागेच्या उत्पन्नात एवढी तोंडे बसत नव्हती. हिशेबच पाहिला असता तर त्या मुली रस्त्यावरच राहिल्या असत्या. उद्याचे ओझे त्यांनी देवावर टाकले, म्हणून आजच्या मुलीला हात देता आला. पुढे 1900 च्या दुष्काळात मुक्ती सदनातील संख्या दीड हजारांवर गेली. तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना चालला. पाखरे पेरीत नाहीत खरे, पण दाणा टिपावयास त्यांना पहाटेच उडावे लागते!

याच छापखान्यात बाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर छापले गेले. खेड्यातल्या बाईलाही समजावे, अशी भाषा त्यांनी योजिली. 1921 साली एकुलती एक मनोरमा वारली. तरी मुद्रिते तपासण्याचे काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी बाईंनी देह ठेवला. 1924 साली संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला.

त्याच सहाव्या अध्यायात येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना आहे. तीत भाकरी मागितली आहे ती आजच्यापुरती, आणि 'मला' नव्हे, 'आम्हांला'. युनियनमध्ये आयुष्य घालविलेल्या आम्हांस हे अनेकवचन फार मोलाचे वाटते. कामावरून काढलेला माणूस रात्री एकटा कुढत बसतो, तोवर त्याची काळजी त्याला खात असते. सकाळी तोच चौघांत येऊन बसला की वर्गणी निघते, अर्ज लिहिला जातो, मुलांच्या शाळेच्या फीची सोय होते. उद्याचा प्रश्न सुटलेला नसतो, पण आजची चूल पेटते.

कोणी देवावर भरवसा ठेवील, कोणी सोबत्यांवर. रमाबाईंनी दोन्हींत अंतर मानले नाही. शेजारच्या घरी आज चूल पेटली आहे की नाही, एवढी चौकशी आपण केली, तरी त्या प्रार्थनेचा अर्थ आपणांस कळला असे म्हणता येईल.