गावाचं नाव आणि आजीचं माहेर

आपल्या वर्गातल्या कित्येकांची मुलं आज अमेरिकेत आहेत, काहींची नातवंडं तर तिथेच जन्मली. अजून साठ-सत्तर वर्षांनी त्यांच्यापैकी कुणाला तरी वाटेल, आपलं मूळ गाव कोणतं? हा प्रश्न अमेरिकेतल्या जर्मन वंशाच्या लोकांना फार पूर्वीच पडला आहे. ते त्याचं उत्तर कसं शोधतात, हे समजायला एका लहानशा गावाची हकिकत पुरेशी आहे.

ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेला, फाल्त्स नावाच्या प्रदेशात कालश्टाट हे द्राक्षमळ्यांचं गाव आहे. तिथून 1840 मध्ये योहान हाइनरिश हाइन्झ अमेरिकेला गेला आणि पिट्सबर्गजवळ विटांच्या धंद्यात स्थिरावला. त्याचा मुलगा हेन्री 1844 मध्ये जन्मला. केचपच्या बाटलीवर ज्याचं आडनाव आपण वाचतो, तो हाच. पुढे 1885 मध्ये याच गावातून सोळा वर्षांचा फ्रीडरिश ट्रम्प निघाला. केस कापायचं काम तो शिकला होता. त्याचा नातू पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

वंशवृक्षाचा शोध नेहमी आजपासून मागे जात घ्यायचा असतो. आधी मृत्यूचा दाखला, मग थडग्यावरचा मजकूर, दर दहा वर्षांची जनगणना, नागरिकत्वाचे कागद. (1890 च्या जनगणनेचे बहुतेक कागद मात्र 1921 च्या आगीमुळे गेले.) अडचण अशी की यातल्या बऱ्याच कागदांवर जन्मस्थान म्हणून नुसतं ‘जर्मनी’ किंवा ‘बव्हेरिया’ एवढंच असतं. एकसंध जर्मनी झाला 1871 मध्ये. त्याआधी तिथे अनेक राज्यं होती, आणि फाल्त्स 1816 पासून बव्हेरियाच्या राजाकडे होता. म्हणजे ‘बव्हेरिया’ वाचून म्युनिकच्या आसपास शोधत बसलं, तर कालश्टाट कधीच सापडणार नाही.

जहाजांच्या याद्यांचीही तीच तऱ्हा. हॅम्बुर्ग बंदराच्या 1850 ते 1934 या काळातल्या बहुतेक याद्या शिल्लक आहेत. ब्रेमेनमध्ये जुन्या याद्या जागेअभावी टाकून दिल्या गेल्या आणि उरलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाल्या. फ्रीडरिश ब्रेमेनहूनच निघाला होता. अशा माणसाचा माग अमेरिकन बंदरातल्या यादीत काढावा लागतो. ‘एलिस बेटावरच्या कारकुनानं आमचं आडनाव बदललं’ असं पुष्कळ घरांत सांगतात. पण एलिस बेटावरचं केंद्र सुरू झालं 1892 मध्ये. शिवाय तिथले कारकून नावं नव्यानं लिहीत नसत, निघण्याच्या बंदरात तयार झालेल्या यादीशी ताडून पाहत. आडनावं बहुधा त्या कुटुंबांनीच नंतर, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिभेला सोपी जावीत म्हणून बदलली.

गावाचं नाव एकदा हाती लागलं, की वाट सोपी होते. चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी असतात. फाल्त्समध्ये फ्रेंच अंमलामुळे 1798 पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदीही सुरू झाल्या. आणि या नोंदींत बाईचं माहेरचं आडनाव लिहिलेलं असतं. त्यामुळेच कळतं, की केचपवाल्या हेन्रीची आजी, म्हणजे त्याच्या वडिलांची आई, शार्लोटे लुईझे ही माहेरची ट्रम्प! हाइन्झ आणि ट्रम्प ही दोन घराणी एकमेकांच्या नात्यातली निघतात, ती या एका आजीमुळे.

कागद गहाळ होण्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे माणसांनी गप्प बसणं. फ्रीडरिश 1904 मध्ये बायको-मुलीसह कायमचा राहायला म्हणून गावी परतला. पण लष्करी सेवा न करताच तो देश सोडून गेला होता, असं ठरवून बव्हेरियाच्या सरकारनं 1905 मध्ये त्याला परत पाठवलं. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तो न्यूयॉर्कमध्ये वारला. त्या वेळी अमेरिकेचं जर्मनीशी युद्ध सुरू होतं. जर्मन बोलणाऱ्याकडे संशयानं पाहिलं जाई, काही ठिकाणी शाळांतून ती भाषाच काढून टाकली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर ट्रम्प कुटुंबात ‘आम्ही मूळचे स्वीडनचे’ असं सांगितलं जाऊ लागलं, आणि 1987 मध्ये नातवाच्या नावावर निघालेल्या पुस्तकातही तेच छापलं गेलं. जन्मगाव घरच्यांच्या तोंडून पुसलं जायला दोन पिढ्या पुरल्या. कालश्टाटच्या वहीत मात्र नोंद तशीच होती.

आता आपल्याकडे पाहू. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांनी आपल्या किती पिढ्या जपल्या आहेत! पण घरोघरच्या वंशावळीत बहुतेक नावं पुरुषांचीच. त्यातून लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावही बदलायची रीत, त्यामुळे आजीचं मूळ नाव नातवंडांना ठाऊकच नसतं. जिल्हेही बदलतात. 1981 पूर्वीच्या कागदावर ‘जिल्हा रत्नागिरी’ असेल, तर ते गाव आज सिंधुदुर्गातही असू शकतं. त्यांच्या ‘बव्हेरिया’सारखंच झालं ना हे?

तेव्हा या संमेलनाहून घरी गेल्यावर एक वही काढा. मूळ गाव, तेव्हाचा आणि आताचा तालुका-जिल्हा, आजी-पणजीचं माहेरचं नाव आणि आडनाव, एवढं लिहा. गाव सोडून का निघालो, तेही लिहा, मग कारण अडचणीचं का असेना. आणि मुलांना इंग्रजीच वाचता येत असेल, तर त्या लिपीतही एक प्रत करून द्या.