रणगाड्याच्या पोटातील भोके

मोटारीवर चालणाऱ्या एखाद्या जुन्या जपानी संचातून जोडलेला रणगाडा हातात घेऊन उलटा केला, म्हणजे त्याच्या पोटाशी काही भोके दृष्टीस पडतात. एक लांबट खाच विजेच्या कळीसाठी, दोन-तीन वाटोळी छिद्रे दातेरी चाकांच्या पेटीचे स्क्रू आवळण्यासाठी, आणि क्वचित सेल बदलता यावेत म्हणून ठेवलेली एखादी चौकोनी खिडकी. ज्या पोलादी यंत्राची ही प्रतिकृती, त्याच्या पोटाला या जागी व या आकाराची भोके कधीच नव्हती; आणि म्हणून आतून प्लास्टिकची चकती चिकटवून, वरून लांबी भरून, ती वाळल्यावर घासून हा सारा मामला निपटून टाकणे, हे गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ जगभरच्या प्रतिकृतीकारांचे पहिले काम होऊन बसले आहे. मी एकदा याच कामात गढलेलो असता माझा पुतण्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “काका, खऱ्या रणगाड्याला नाहीत, तर ही भोके पाडली कुणी?” प्रश्न सरळ होता, पण त्याच्या उत्तरासाठी शिझुओकापर्यंत जावे लागते.

शिझुओका हे तोक्यो आणि नागोया यांच्या दरम्यान, समुद्रकाठी वसलेले नगर. एदो काळात तेथील सेंगेन देवालयाच्या उभारणीसाठी दूरदूरचे सुतार व लाखकाम करणारे कारागीर आले आणि काम संपल्यावर त्यांतले कित्येक तेथेच स्थायिक झाले, असे त्या नगरीची परंपरा सांगते; आणि लाकडाला आकार देण्याची ही पिढीजात विद्या पुढे खेळण्यांच्या व प्रतिकृतींच्या कारखानदारीत उतरली, यात नवल नाही. हासेगावा, आओशिमा, फुजिमी ही या धंद्यातली नामांकित घराणी त्याच परिसरातली. योशिओ तामिया यांनी १९४६ साली तेथेच लाकडाची गिरणी आणि वखार थाटली. लाकूड हाताशी मुबलक, म्हणून वखारीच्या जोडीला जहाजांच्या व विमानांच्या लाकडी प्रतिकृती करून विकण्याचा उद्योग लवकरच सुरू झाला, आणि १९५३ साली इमारती लाकडाचा व्यापार बंद करून त्यांनी आपले सर्वस्व या प्रतिकृतींवरच लावले. पण पुढे परदेशांतून प्लास्टिकचे संच येऊ लागले. साच्यातून थेट बाहेर पडणाऱ्या त्या रेखीव भागांपुढे रंधा आणि पटाशी यांचा निभाव लागेना. तेव्हा तामियांनीही लाकूड सोडून प्लास्टिकची कास धरली, आणि १९६० साली ‘यामातो’ या प्रचंड युद्धनौकेची १/८०० प्रमाणातली प्रतिकृती बाजारात आणली. त्याच सुमारास एका प्रतिस्पर्ध्याने तीच नौका कमी किमतीत विकायला काढली. पोलादी साचा करवून घेण्यास जो खर्च येतो तो अशा वेळी भरून निघणे अशक्यच. पहिलाच डाव तोट्यात गेला.

या आपत्तीतून घराणे तरले ते एका जर्मन रणगाड्यामुळे. संस्थापकांचे पुत्र शुनसाकू यांनी पुढच्या प्रयत्नासाठी पँथर निवडला, त्यामागे युद्धाच्या इतिहासाचे प्रेम थोडे आणि साचेकामाचा हिशेब अधिक होता: पँथरच्या चिलखताचे पत्रे सपाट व उतरते, त्याच्या कडा सरळ, आणि सरळ रेषांचा साचा कोरणे वक्र रेषांच्या साच्याहून सोपे. पेटीवरचे चित्र शिगेरू कोमात्सुझाकी या ख्यातनाम चित्रकाराकडून काढवून घेतले. आणि मुख्य म्हणजे आत मोटार बसविली, जेणेकरून जोडून झालेला रणगाडा मुलाच्या अंथरुणावरच्या घड्या चढून उतरून जावा. १९६१-६२ च्या सुमारास निघालेला हा संच हातोहात खपला. पुढे त्याच्या जोडीला इतर देशांचे रणगाडे त्याच प्रमाणात काढावेत असा विचार निघाला, तेव्हा शुनसाकूंनी आपल्याच पँथरची मोजणी केली, आणि तो मूळ वाहनाच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्श्याचा भरला. हे माप कोणी योजून ठरविलेले नव्हते. पोटात दोन सेल आणि मोटार मावावी एवढा मोठा रणगाडा केला, आणि तो एवढा झाला, इतकेच.

इतर प्रचलित प्रमाणांकडे पाहिले म्हणजे या गोष्टीचे महत्त्व कळते. विमानांचे १/७२ हे प्रमाण सहा फुटांना एक इंच या हिशेबाने आले, १/४८ हे एका फुटाला पाव इंच यातून. आणि एअरफिक्स या कंपनीचे चिमुकले रणगाडे ज्या १/७६ मध्ये निघत, त्याचे मूळ फुटाला चार मिलिमीटर या ब्रिटिश खेळण्यातल्या आगगाडीच्या मापात आहे. या प्रत्येक आकड्यामागे मोजपट्टी आहे. पस्तिसाच्या मागे मात्र दोन सेल आहेत. आणि तरीही आज पृथ्वीच्या पाठीवर कोठेही कोणी रणगाड्याचा संच काढावयाचा झाला, तर तो बहुधा पस्तिसाव्या हिश्श्याचाच निघतो, हा शिरस्ता आता मोडणार नाही.

दोन सेलांचा हा अंमल पुढे बराच काळ चालला, आणि पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. मोटार आत बसवावयाची म्हणजे धडाची रुंदी तिच्या सोयीने थोडी वाढवावी लागे, आसांच्या जागा सरकवाव्या लागत, चाके बाहेरच्या बाजूस ढकलावी लागत. आणि पोटाला भोके तर ठेवावीच लागत. शिवाय साखळपट्ट्यांच्या वर दोन्ही अंगांनी पुढे आलेला जो धडाचा भाग, त्याचा तळ कोणी बंदच करीत नसे. प्रतिकृती थोडी तिरपी धरली की पट्ट्याच्या वरून थेट आतले पोकळ प्लास्टिक दिसे. चालते खेळणे म्हणून पाहता यात कसलाच दोष नव्हता. जमिनीवर पोट टेकून रणगाडा चालविणाऱ्या मुलाला त्याच्या पोटाशी काय कर्तव्य?

पण घेणारी मुले मोठी झाली. १९६८ पासून तामियांनी त्याच प्रमाणातले सैनिक काढावयास आरंभ केला, आणि माणूस शेजारी उभा राहताच रणगाड्याचे माप उघडे पडले: झाकण इतके अरुंद की त्यातून हा सैनिक उतरावा कसा, हँडल इतके जाड की त्याच्या मुठीत मावावे कसे, असे प्रश्न डोळ्यांना आपोआप पडू लागले. स्वतः शुनसाकूही आता कागदावरच्या आकृत्यांवर विसंबून राहिले नाहीत. अमेरिकेत मेरीलँडमधील ॲबर्डीन येथील लष्करी संग्रहात उघड्यावर मांडलेल्या रणगाड्यांची छायाचित्रे आणि मापे घेण्यासाठी ते त्या दशकात जातीने गेले. इंग्लंडमध्ये १९६५ साली चिलखती वाहनांच्या प्रतिकृतीकारांची स्वतंत्र संघटना निघाली, आणि १९७१ मध्ये ‘मिलिटरी मॉडेलिंग’ हे मासिक सुरू झाले. खेळण्याचा दस्तऐवज होऊ लागला, आणि दस्तऐवजात भोके चालत नाहीत.

भोक बुजविण्याची विद्या दिसते त्याहून कठीण आहे, आणि तिच्यासाठी मराठीत रंगाऱ्याचा जो शब्द आहे तो मला कोणत्याही परभाषी शब्दाहून अधिक नेमका वाटतो: लांबी. नळीतून मिळणारी राखाडी लांबी ही द्रावकात कालवलेली असते; द्रावक उडून जाताच ती आकसते आणि भरलेल्या जागी पुन्हा खळगा पडतो. म्हणून ती एकदम थापू नये; पातळ थर द्यावा, रात्रभर ठेवावा, पुन्हा द्यावा. घाई करून जाड थर दिला तर तोच द्रावक खालचे प्लास्टिक मऊ करतो, आणि आठ दिवसांनी, रंग देऊन झाल्यावर, ती जागा हळूच खचते. दोन वड्या एकत्र मळून घ्यावयाची जी दुसरी लांबी, ती आकसत नाही. ओल्या बोटाने ती सारखी करता येते, आणि दिवाळीतल्या किल्ल्याच्या भेगा ओल्या फडक्याने पुसून बुजविणाऱ्या हाताला तिची सवय ताबडतोब होते. त्यानंतर पाण्यात बुडविलेल्या पॉलिश पेपरने, आधी जाड आणि मग बारीक, एकाच दिशेने न घासता वर्तुळाकार घासावे. शेवटी अस्तराचा एक विरळ हात द्यावा, की न भरलेली प्रत्येक रेघ आपली कैफियत स्वतःच मांडते.

हे इतके बारीक का पाहावे, याचे उत्तर साध्या त्रैराशिकात आहे. पस्तिसाव्या हिश्श्यात अर्ध्या मिलिमीटरची फट म्हणजे मूळ रणगाड्यावर साडेसतरा मिलिमीटर. चिलखताच्या दोन पत्र्यांमधील ज्या सांध्यातून गोळीची ठिणगीही आत जाता कामा नये, त्यात माणसाचे बोट सहज जाईल. उलट एक मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक म्हणजे पस्तीस मिलिमीटरचे पोलाद, आणि साखळपट्ट्यांवरचे पत्रे तर प्रत्यक्षात दोन-तीन मिलिमीटरहून जाड नसत. म्हणून कडा आतून कोरून पातळ कराव्या लागतात. तोफेची नळी दोन उभ्या अर्धांत येई. ते जोडल्यावर सांधा कानशीने घासताना हात जरा जड पडला की वाटोळी नळी लंबगोल होई, आणि एकदा तशी झाली की तिला उपाय नाही. आमच्या पिढीने अशा किती नळ्या वाया घालविल्या असतील!

भरणे हा या कलेचा अर्धा भाग झाला. भरून गुळगुळीत केलेले पुन्हा खरबरीत करणे हा दुसरा, आणि माझ्या मते अधिक सुंदर. अमेरिकन शर्मन किंवा रशियन टी-३४ यांचे बुरूज ओतीव पोलादाचे. त्यांवर साच्यातील वाळूची खरखर राहते. प्लास्टिकवर पातळ लांबीचा हात देऊन, ती ओली असतानाच राठ कुंचल्याच्या टोकाने ठोकत गेले म्हणजे ती खरखर उमटते. जर्मनांनी डिसेंबर १९४३ ते सप्टेंबर १९४४ या अवघ्या नऊ-दहा महिन्यांत आपल्या रणगाड्यांवर चुंबकी सुरुंगांपासून बचाव म्हणून झिमेरिट नावाचा लेप दिला. बेरियम सल्फेट, लाकडाचा भुसा, पिवळी माती व चिकट राळ यांचे ते मिश्रण कारखान्यातच खाचा पाडून थापले जाई. म्हणजे पोलादावर खरोखरची लांबीच. तेव्हा प्रतिकृतीवर लांबी थापून तिच्यात अणकुचीदार पात्याने ओळीने खाचा पाडणारा मनुष्य त्या जर्मन कामगाराचेच काम, पस्तीसपट लहान करून, तंतोतंत करीत असतो. वितळजोडाची जाड रेघही अशीच: ज्या प्लास्टिकच्या काड्यांवर सुटे भाग लागलेले असतात त्यांतली एक मेणबत्तीवर धरून ताणली की तिची तार निघते, ती सांध्यात बसवून, द्रावकाने मऊ करून, सुरीच्या टोकाने टोचत जावे.

१९८० च्या दशकात बेल्जियमच्या फ्रांस्वा वर्लिंडेन यांनी राळेत ओतलेले दुरुस्तीचे जिन्नस विकावयास काढले, आणि १९८९ मध्ये चेक प्रदेशात निघालेल्या एदुआर्दसारख्या कंपन्यांनी आम्लाने कोरलेले पितळेचे कागदासारखे पातळ भाग. पुढे पोलादी साचेच इतके कुशल झाले की नळी अखंड आणि तोंडाशी पोकळ निघू लागली, मोटारी गेल्या, भोके गेली. तरी साखळपट्ट्यांवरचा तो उघडा तळ कित्येक संचांत आणखी बरीच वर्षे तसाच राहिला.

आता फटी इतक्या थोड्या उरल्या असता या विद्येत शिकण्यासारखे काय राहिले, असे कोणी विचारील. मला वाटते, सर्वांत अवघड तेच राहिले: कोणती फट खोटी आणि कोणती खरी, हे ओळखणे. याची रुजवात संचाच्या पेटीवरून होत नाही. ती मला झाली अहमदनगरास, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. तेथे लष्कराच्या चिलखती दलाचे केंद्र असून फेब्रुवारी १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेल्या पॅटन रणगाड्याच्या ओतीव पोलादावर मी तेथे प्रथम हात फिरविला, आणि आजवर कुंचल्याने ठोकून केलेली माझी खरखर फार एकसारखी होती हे मला समजले. खऱ्या पोलादावर ती कोठे दाट, कोठे जवळजवळ नाहीशी, अशी लहरत जाते.

पण मी गेलो होतो सेंच्युरियन या रणगाड्यासाठी. १८१७ साली दुसऱ्या बाजीरावाच्या खर्चाने कंपनी सरकारने जी शिबंदी उभारली, तिच्यातून पुढे पूना हॉर्स हा रिसाला झाला; त्याच रिसाल्याचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५ च्या सप्टेंबरात सेंच्युरियन घेऊन लढताना पडले, आणि पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या रणांगणावर, वयाच्या एकविसाव्या वर्षी. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. खेत्रपालांच्या सेंच्युरियनचे नाव ‘फामागुस्ता’. तो दुरुस्त करून नगरच्या त्याच केंद्रात जतन केलेला आहे. त्याची प्रतिकृती मी घरी निम्मी केली होती. साखळपट्ट्यांवरच्या पत्र्यावर एकापुढे एक अशा ज्या सामानाच्या पेट्या असतात, त्यांच्यामधल्या अरुंद फटी मला साच्याचा दोष वाटल्या होत्या, आणि मी त्या मोठ्या निगुतीने भरून, घासून, वर अस्तरही दिले होते. संग्रहालयात सेंच्युरियनच्या अंगाला लागून उभा राहिलो, तेव्हा त्या दोन पेट्यांमधून मला पलीकडचा बुरूज दिसला. माझी करंगळी त्या फटीत जाऊन वर जागा उरली.

घरी परतल्यावर त्या रात्री पुतण्याने दिवा धरला, आणि मी शिवणकामाची सुई मुठीत बसवून, भरलेली लांबी कणाकणाने कोरून काढली. पहाटेपर्यंत डावीकडच्या दोन फटी मोकळ्या झाल्या होत्या.