खऱ्या माणसांवरचे चित्रपट : वस्तुस्थिती कशी तपासावी?

एप्रिल जवळ आला की विहारांसमोर आणि चौकाचौकांत पडदे लागतात. परभणी, पूर्णा, सेलू, जिंतूर, कुठेही जा, जयंतीच्या कार्यक्रमात व्याख्यानापेक्षा चित्रपटाला गर्दी जास्त असते. नंतर अभ्यासवर्गात एखादा तरुण विचारतो, "चवदार तळ्याचं पाणी प्यायले त्याच दिवशी मनुस्मृती जाळली ना?" कुठे वाचलं म्हणून विचारलं की उत्तर येतं, "पिक्चरमध्ये पाहिलं."

दोष त्या तरुणाचा नाही. शाळेच्या पुस्तकात आपला इतिहास चार ओळींचा असल्यामुळे बाकीची जागा पडदा भरून काढतो. म्हणूनच चित्रपटात काय खरे, काय रचलेले आणि काय गाळलेले हे ओळखता आले पाहिजे. त्यासाठी ही माहिती.

सूट कोणती?

चरित्रपट म्हणजे माहितीपट नव्हे. पन्नास-साठ वर्षांचे आयुष्य तीन तासांत बसवताना संवाद रचावे लागतात, दोन-तीन व्यक्तींचे मिळून एक पात्र करावे लागते. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' मूळ इंग्रजीत आहे आणि बाबासाहेबांची भूमिका मामुट्टी या मल्याळी अभिनेत्याने केली. त्यासाठी मामुट्टींना १९९८ सालचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. महाडच्या सभेत बाबासाहेब मराठीत बोलले होते म्हणून हा चित्रपट खोटा ठरत नाही. भाषा, चेहरा, संवाद यांत बदल चालतो. मात्र घटना का घडली, कोणी घडवली आणि कोणाच्या विरोधात घडवली, हे बदलले की ती चूक गंभीर होते.

क्रम बदलला की कारण हरवते

महाडचेच पाहा. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, तर मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ चे. मध्ये नऊ महिने आहेत. त्या काळात सवर्णांनी तळे 'शुद्ध' करून घेतले, पुढे प्रकरण कोर्टात गेले आणि मनाई हुकूम निघाला. म्हणूनच डिसेंबरच्या परिषदेत तळ्यावरचा सत्याग्रह स्थगित करावा लागला. शेवटी १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. दोन्ही प्रसंग एका दिवसात दाखवले की थरार वाढतो, पण दहा वर्षांची कोर्टाची लढाई पुसली जाते.

माणसांचेही तसेच. महाडच्या परिषदेसाठी झटणारे रामचंद्र बाबाजी मोरे, मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे ब्राह्मण सहकारी गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे पडद्यावर नसले तर चळवळ एकट्या माणसाचा चमत्कार वाटू लागते. विभूतिपूजेविरुद्ध बाबासाहेब स्वतः १९४३ साली पुण्यात, न्या. रानडे यांच्यावरील भाषणात बोलले होते. तेव्हा बाबासाहेबांचा गौरव करणारा चित्रपटही तपासणीतून सुटत नाही.

वगळणे हीसुद्धा चूक

रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या 'गांधी' (१९८२) या चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाले. त्यात गोलमेज परिषदेचा काळ आहे, पण बाबासाहेबांचे पात्रच नाही. जगभरच्या प्रेक्षकांना पुणे करारातील दुसरी बाजू या चित्रपटातून कळलीच नाही.

कधी निर्माता दाखवतो आणि मंडळ काढायला लावते. अनंत महादेवन यांच्या 'फुले' चित्रपटाचे प्रदर्शन ११ एप्रिल २०२५ वरून २५ एप्रिलवर गेले. परिनिरीक्षण मंडळाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' असे शब्द काढायला सांगितल्याच्या बातम्या तेव्हा सगळीकडे आल्या. आता कागद पाहा. फुल्यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापलेला निबंध मांग-महारांच्या दुःखाविषयीच आहे. शीर्षकातच ते शब्द आहेत. जातीचे नाव काढले की जुलूम कोणावर झाला हेच कळत नाही.

ओळख बदलणे

'जय भीम' (२०२१) आपल्याकडे घरोघरी पाहिला गेला. तमिळनाडूतील १९९३ चे राजाकण्णू कोठडी मृत्यू प्रकरण आणि वकील के. चंद्रू, जे पुढे न्यायमूर्ती झाले, हा त्याचा आधार. पण प्रत्यक्षातला राजाकण्णू कुरवर समाजाचा होता आणि चित्रपटात तो इरुळर दाखवला आहे. चित्रपटाने मोठे काम केले हे खरेच. तरी ज्या समाजाने तो अन्याय सोसला त्याचे नाव त्याच्याच कथेतून गेले, हेही खरे.

जिवंत माणसाला विचारले का?

फूलनदेवी हयात असताना 'बँडिट क्वीन' (१९९४) आला. सत्यकथा म्हणून आलेल्या त्या चित्रपटाला त्यांनीच आक्षेप घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. नंतर तडजोड झाली. पण एका बहुजन स्त्रीच्या देहावरचा अत्याचार पडद्यावर कसा दाखवायचा हे तिला न विचारता ठरले, ही बाब तडजोडीने मिटत नाही.

कायदा काय म्हणतो?

परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र म्हणजे इतिहास खरा असल्याचा दाखला नव्हे. आर. राजगोपाल प्रकरणात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सार्वजनिक नोंदींच्या आधारे एखाद्याच्या आयुष्यावर त्याच्या परवानगीविना लिहिता येते. त्यापलीकडच्या खासगी बाबींना मात्र संरक्षण आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा गुन्हा आहे. नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृत व्यक्तीची बदनामी केली तर तीही त्यात येते. 'काही भाग काल्पनिक' ही सुरुवातीची पाटी कोणता भाग काल्पनिक ते सांगत नाही. ते आपणच शोधावे लागते.

तपासायचे कसे?

१. आधी तारीख पाहा. दोन घटनांमधले अंतर पडद्यावर तेवढेच आहे का?

२. मूळ कागदाकडे जा. महाराष्ट्र शासनाचे 'लेखन आणि भाषणे' खंड, चांगदेव खैरमोडे यांचे चरित्रखंड, 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे अंक, संविधान सभेतील चर्चा हे सारे उपलब्ध आहे.

३. कोण गायब आहे ते विचारा. स्त्रिया, सहकारी, विरोधक यांपैकी कोणाला वगळले?

४. आवडत्या प्रसंगालाही पुरावा मागा. डोळ्यांत पाणी आले म्हणून प्रसंग खरा ठरत नाही. बुद्धांनी कालामांना हेच सांगितले.

५. चूक सापडली तर पान आणि तारखेसह लिहून मांडा. पोस्टर फाडून चूक दुरुस्त होत नाही.

हे परभणीसाठी का महत्त्वाचे?

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकाजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, अटका झाल्या. वडार समाजातील कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद होती. सरकारने मात्र विधिमंडळात पोलिसांनी छळ केला नसल्याचे सांगितले.

उद्या यावर कोणी तरी चित्रपट काढेलच. त्यात सोमनाथ यांचा वडार समाज राहील का? ते कायदा शिकत होते हे राहील का? अहवालातला शब्द राहील का? की फक्त दगडफेक आणि जाळपोळ उरेल? याचे उत्तर आज आपण काय जपून ठेवतो यावर अवलंबून आहे.

म्हणून प्रत्येक विहारात एक फाइल सुरू करा. तारीखवार घटनाक्रम, वर्तमानपत्रांची कात्रणे, कोर्टाच्या आदेशांच्या प्रती, काटछाट न केलेली चित्रीकरणे आणि ज्यांनी भोगले त्यांच्या संमतीने नोंदवलेली, तारीख टाकलेली निवेदने तिच्यात ठेवा. महाडचे कागद कोणी तरी जपले म्हणून आज आपण पडद्यावरची चूक दाखवू शकतो. परभणीचे कागद जपायचे काम आपले आहे. जय भीम.