मेटल सिलॅनोलेट म्हणजे काय? ते कसं बनतं आणि आतून कसं दिसतं?

मोबाईलच्या प्रोसेसरमध्ये असतं ते सिलिकॉन आणि मऊ कव्हरमध्ये असतं ते सिलिकोन. नावं सारखी वाटली तरी वस्तू वेगळ्या आहेत. सिलिकॉन हे मूलद्रव्य आहे, तर सिलिकोन हे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या साखळीचं पॉलिमर. या दोन्ही जगांशी नातं असलेली संयुगं म्हणजे मेटल सिलॅनोलेट. आज मी तीच सोप्या भाषेत समजावून सांगणार आहे.

सिलॅनोलेट म्हणजे नक्की काय?

सिलिकॉनच्या अणूला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लागली की तो रेणू सिलॅनॉल होतो. त्यातला हायड्रोजन काढून तिथे धातू बसवला, की झालं मेटल सिलॅनोलेट! म्हणजे धातू, ऑक्सिजन आणि सिलिकॉन अशी साखळी. अल्कोहोलपासून अल्कॉक्साइड बनतं, तसंच हे. फरक एवढाच की सिलॅनॉल अल्कोहोलपेक्षा जास्त आम्लधर्मी असतं, त्यामुळे हायड्रोजन सोडायला ते लवकर तयार होतं.

बनवायच्या तीन पद्धती

१. थेट धातू: सिलॅनॉलमध्ये सोडियम किंवा पोटॅशियम टाकलं की हायड्रोजन वायू निघतो आणि सिलॅनोलेट उरतं.

२. धातूचं अमाइड: नायट्रोजनला जोडलेला धातू सिलॅनॉलकडे जातो आणि हायड्रोजन नायट्रोजनकडे. तयार झालेलं अमाइन व्हॅक्यूमने उडवून देता येतं. माझ्या मते सर्वात स्वच्छ पद्धत हीच.

३. अदलाबदल: धातूचं क्लोराइड आणि सोडियम सिलॅनोलेट एकत्र केलं की मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, खाली बसतं. ते गाळून टाकायचं.

यातली बरीच संयुगं हवेतल्या ओलाव्यानेही बिघडतात. पाणी लागलं की परत सिलॅनॉल तयार होतं. म्हणून हे काम नायट्रोजन किंवा आर्गॉन वायूत करतात. घरी प्रयोग करायचा विचारसुद्धा करू नका!

आतून कसं दिसतं?

द्रावण हळूहळू थंड केलं की स्फटिक मिळतात. त्यांवर एक्स-रे सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि त्या ठिपक्यांवरून कोणता अणू कुठे बसलाय हे गणिताने काढता येतं.

पोटॅशियम ट्रायमिथाइलसिलॅनोलेटचं उदाहरण बघा. कागदावर एक पोटॅशियम, एक ऑक्सिजन एवढंच दिसतं. स्फटिकात मात्र चार रेणू एकत्र येऊन घन बनवतात. त्याच्या आठ कोपऱ्यांवर पोटॅशियम आणि ऑक्सिजन आलटून-पालटून बसतात. ॲल्युमिनियमच्या डायमिथाइल संयुगात दोन रेणू जोडून चौकोनी कडं बनतं.

असं का होतं? धातूला आजूबाजूला जास्त ऑक्सिजन हवे असतात, म्हणून तो शेजारच्या रेणूचा ऑक्सिजन वाटून घेतो. पण सिलिकॉनवर फिनाइलसारखे जाडजूड गट लावले तर गर्दी होते आणि कमी रेणू एकत्र येतात. म्हणजे सिलिकॉनवरचे गट बदलून रचनेवर ताबा ठेवता येतो.

याचा उपयोग काय?

सिलिकोन बनवण्याच्या एका पद्धतीत पोटॅशियम सिलॅनोलेट गोल रेणूंचं कडं उघडून लांब साखळी सुरू करतं.

दुसरा उपयोग मला जास्त भारी वाटतो. १९९१ मध्ये सॅन डिएगोच्या डॉन टिली यांच्या गटाने झिर्कोनियमला चार सिलॅनोलेट गट जोडलेला रेणू वापरला. तो तापवला की सेंद्रिय भाग निघून जातो आणि एका झिर्कोनियममागे चार सिलिकॉन असलेलं ऑक्साइड उरतं. प्रमाण रेणूतच ठरलेलं!

२००२ मध्ये हार्वर्डच्या रॉय गॉर्डन यांच्या गटाने ॲल्युमिनियमच्या थरावर सिलॅनॉलची वाफ सोडली. ॲल्युमिनियम-ऑक्सिजन-सिलिकॉन बंध तयार झाले आणि एकाच फेरीत सुमारे १२ नॅनोमीटर जाडीपर्यंत सिलिकाचा थर चढला. अणुथर चढवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत एका फेरीत साधारण ०.१ नॅनोमीटरच मिळतो. चिपमध्ये विजेला अडवणारे थर खोल, अरुंद खाचांतही एकसारखे बसावे लागतात, म्हणून हा फरक महत्त्वाचा.

थोडक्यात

सूत्र सांगतं रेणूत काय आहे आणि स्फटिक सांगतो ते कसं जोडलंय. पुढचा थर कसा बनेल हे ठरवायला दोन्ही माहिती लागते. काही शंका असेल तर नक्की विचारा!