लॉजच्या मेजावरचे कुराण

फ्रीमेसन म्हटले की आपल्याकडे कारस्थान नाहीतर काळी जादू आठवते. त्यांच्या सभागृहाला, म्हणजे लॉजला, लोक जादूघरच म्हणत. मला मात्र मुंबईच्या ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ या लॉजचा इतिहास वेगळ्याच कारणाने महत्त्वाचा वाटतो.

माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईतल्या इंग्रज मेसनांनी प्रवेश नाकारला. तोंडी बंधुभाव, दारात मात्र भेदभाव! माणेकजींनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. पुढे १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी हिंदी लोकांना प्रवेश देणारे हे लॉज काढले. त्यांचा भाऊ अलेक्झांडर दोनच वर्षांपूर्वी काबूलमध्ये जमावाकडून मारला गेला होता. तरीही या लॉजमध्ये पारशांबरोबर मुसलमानही आले. शपथ ज्याने त्याने आपल्या धर्मग्रंथावर घ्यायची, मुसलमानाने कुराणावर.

माणेकजींनी १८६३ मध्ये मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली. लॉजची दारे मात्र स्त्रियांना बंदच राहिली. १९६१ मध्ये ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा पहिले ग्रँड मास्टर झाले रामपूरचे नवाब रझा अली खान.

दानधर्म आपणही भरपूर करतो. जकात देतो, शिष्यवृत्त्या देतो. पण घेणाऱ्याला कमिटीत शेजारी बसवतो का? बिरादरी न विचारता सभासद करून घेणाऱ्या आपल्या जमाती किती? आणि त्यांत बाया किती? माझ्या मते समाजसेवेचा हिशेब इथून मांडायला हवा.